आग्वादचं दीपगृह: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एका दिवसाची वाट

गोव्याला जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये आग्वादच्या पांढऱ्या मनोऱ्याचा एक फोटो असतो. टॅक्सीवाला वर सोडतो, माणसं खंदकावरच्या वाटेने आत जातात, मनोऱ्यापुढे उभी राहतात, भर दुपारच्या उन्हाने कावतात आणि वीस मिनिटांत परत गाडीत. 'बघण्यासारखं काही नाही हो तिथे' हे मत मग आयुष्यभर टिकतं.

दोष किल्ल्याचा नाही, क्रमाचा आहे. आग्वाद हा मांडवीच्या मुखावरचा पहारेकरी. नदी न बघता थेट त्याच्या माथ्यावर गेलं की खाली नुसतं निळं पाणी दिसतं. म्हणून आधी नदीकाठ, मग तुरुंग, त्यानंतर किल्ला आणि दीपगृह, शेवटी किनारा. हा क्रम उन्हाच्या हिशेबानेही बरा पडतो, कारण वरच्या पठारावर सावली जवळपास नाहीच.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगलं. त्यातही नाताळपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस टाळा. कळंगुट, कांदोळी, सिकेरी हा एकच रस्ता आहे आणि त्या दिवसांत तो हलतच नाही. एप्रिल-मेमध्ये चारच्या आधी किल्ल्यावर पाय ठेवू नका. पावसाळ्यात तटावरचा जांभा शेवाळतो आणि पाय सटकतो, समुद्रात उतरायला मनाई असते, समुद्रात जाणाऱ्या पर्यटकांच्या होड्या बंद असतात. एवढं चालणार असेल तर मात्र जून-जुलैतला हिरवागार खंदक आणि गढूळ, फुगलेली मांडवी बघण्यासारखी असते.

वार निवडताना सोमवार सोडून द्या. या वाटेवरचा रेइश मागुशचा किल्ला त्या दिवशी बंद असतो. तिकिटांचे दर आणि वेळा मधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा ताज्या वेळा बघून घ्या.

पोचायचं कसं

मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावचं तिकीट काढायची सवय सोडावी. उत्तर गोव्यासाठी थिवी स्थानक सोयीचं. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी या गाड्या तिथे थांबतात. थिवीहून म्हापसा, म्हापशाहून कळंगुट-कांदोळीकडे जाणाऱ्या बस मिळतात. विमानाने येत असाल तर मोपा जवळ, दाबोळी लांब.

मुक्काम पणजीत असेल तर दिवसाची सुरुवात फेरीबोटीने करा. पणजीच्या धक्क्यावरून पलीकडे बेतीला काही मिनिटांत पोचता. पुलावरून गाडी दामटली तरी पोचाल, पण ज्या नदीसाठी हे सगळे किल्ले बांधले ती नदी पाण्याच्या पातळीवरून एकदा बघून घ्यावी. निघण्याआधी पणजीत भाजी-पाव खा. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, सोबत एखादं मिरची-भजं आणि गोडसर बन. शाकाहारी मंडळींनी तर पोटभरच खावं, दुपारी नदीकाठी पर्याय कमी असतात.

वाहनाबद्दल थोडं स्पष्ट सांगतो. मुंबई-पुण्यासारखी फोन काढला की दोन मिनिटांत टॅक्सी दारात, अशी अपेक्षा इथे ठेवू नका. दिवसभरासाठी भाड्याची दुचाकी सर्वांत सोपी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, तीच कायदेशीर भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची कुणी स्वस्तात देऊ केली तर पोलिसाने अडवल्यावर ती महागात पडते. हेल्मेट दोघांनीही घाला. दुचाकी चालवत नसाल तर 'पायलट' विचारा. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल-टॅक्सी चालवणाऱ्यांना गोव्यात पायलट म्हणतात. भाडं आधी ठरवून घ्यायचं. बसनेही जमतं, पण शेवटचा चढ पायी करावा लागतो आणि वेळ हातात ठेवावा लागतो.

सकाळ: रेइश मागुश

बेतीहून नदीच्या काठाकाठाने वेरें गाव लागतं आणि थोडं पुढे लाल चिऱ्याचा, नेटका डागडुजी केलेला रेइश मागुशचा किल्ला. लहान आहे, तास-दीड तास पुरतो. पहिला किल्ला १५५१ सालचा, आत्ताचं रूप बरंचसं १७०७ च्या पुनर्बांधणीचं. पुढे इथेही तुरुंग होता. दीर्घ दुरुस्तीनंतर २०१२ साली तो लोकांसाठी खुला झाला. आत गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं आहेत आणि गोवा मुक्तिलढ्याबद्दलचं दालनही. मिरांडांच्या चित्रांसाठी वेळ राखून ठेवा. नाकाडे जमीनदार, लठ्ठ पाद्री आणि बाजारातल्या बायका पाहिल्यावर बाहेरचा गोवा जास्त ओळखीचा वाटतो.

पण इथे यायचं खरं कारण तटावर आहे. समोर पणजी आणि मिरामार दिसतं. नदी इथे अरुंद आहे. पलीकडच्या मिरामारच्या बाजूला पूर्वी गास्पार दियश नावाचा किल्ला होता, आता त्याचं जवळपास काहीच उरलेलं नाही. दोन्ही काठांवरच्या तोफांच्या माऱ्यातून गेल्याशिवाय एकही जहाज आत शिरू शकत नसे. आणि पश्चिमेला, नदी समुद्राला मिळते तिकडे, आग्वादचं टेकाड. तो बाहेरचा दरवाजा, हा आतला. एवढं डोळ्यांत भरून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं.

किल्ल्याला लागूनच १५५५ सालचं चर्च आहे. सहा जानेवारीला त्याचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव असतो. त्या सुमारास गोव्यात असाल तर चुकवू नका.

दुपार: जेवण आणि तुरुंग

वेरेंहून नेरूलमार्गे कांदोळीकडे निघा. नेरूलला नदीच्या कडेने जेवणाच्या बऱ्याच जागा आहेत. शॅकमधला पास्ता रोज मिळतो, इथे मासळीची थाळी घ्या: उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे माशांची आमटी, रव्यात परतलेला बांगडा, सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, तिसऱ्या (शिंपल्या) असतील तर त्याही, शेवटी सोलकढी. दुपारी एकच्या आधी पोचलात तर मासळी ताजी आणि जागा रिकामी.

जेवून कांदोळी-सिकेरीमार्गे आग्वादच्या टेकाडाकडे वळलात की किल्ल्याच्या फाट्याचा मोह टाळून आधी खालच्या तुरुंगाकडे जा. वाटेत सेंट लॉरेन्सचं पांढरं चर्च लागेल. लिन्यारेस या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळातलं, म्हणजे १६३० च्या दशकातलं. पणजी-रायबंदर जोडणारा लांबलचक दगडी पूलही त्याच्याच कारकिर्दीतला. दहा ऑगस्टला या चर्चचं फेस्त असतं. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी साचलेला वाळूचा बांध या सुमारास मोकळा होतो आणि होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागतात, अशी इथली समजूत. रत्नागिरी-रायगडकडचे कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, तेही साधारण याच दिवसांत. पंचांग वेगळं असलं तरी समुद्र तोच.

तुरुंग नदीच्या काठाला, टेकाडाच्या पायथ्याशी आहे. गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग म्हणून तो २०१५ पर्यंत चालू होता. मग कैदी कोलवाळच्या नव्या तुरुंगात गेले आणि दुरुस्तीनंतर १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्तिदिनी, इथे संग्रहालय सुरू झालं. वेगळं तिकीट आहे. काढा.

मराठी वाचकाने तर इथे सावकाश फिरावं. गोव्याच्या राष्ट्रवादाचे अध्वर्यू त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ साली इथे कोंडलं होतं. लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांची रवानगी पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात केली. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात सभा घेऊन ठिणगी टाकणारे डॉ. राममनोहर लोहिया काही महिन्यांनी पुन्हा गोव्यात आले, तेव्हा तेही काही दिवस आग्वादला होते. आणि १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून तुकड्यांमागून तुकड्या आल्या. पहिल्या तुकड्यांबरोबर आलेले नानासाहेब गोरे आणि त्यांच्यामागून आलेले मधु लिमये यांना लांबलचक शिक्षा झाल्या. १९५७ च्या सुरुवातीला सुटका होईपर्यंत ते पोर्तुगीजांच्या कैदेत राहिले. पुण्या-मुंबईच्या घरांतून ज्यांची नावं आजही सहज निघतात ती माणसं याच भिंतींआड होती. आपण आग्वादला येतो ते मात्र हॉटेल आणि किनारा एवढंच मनात धरून.

कोठड्या लहान आहेत. आत उभं राहून बाहेर नदीकडे बघा. पाणी अगदी हाताशी, आणि त्यावरून ये-जा करणाऱ्या होड्या.

साडेतीन-चार: किल्ला आणि जुना मनोरा

आता वर चढा. किल्ला संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास बंद होतो, म्हणून चारच्या पुढे उशीर नको. सूर्यास्त तटावरूनच बघू अशा बेताने येणाऱ्यांना ऐन वेळी पहारेकरी शिट्टी मारून बाहेर काढतो. सूर्यास्त खाली किनाऱ्यावरून बघायचा, हे आत्ताच ठरवून टाका. आणखी एक गैरसमज: हिंदी सिनेमातली तटावर बसलेल्या मित्रांची ती प्रसिद्ध जागा इथली नव्हे, ती शापोऱ्याच्या किल्ल्यावरची. दरवर्षी कितीतरी जण आग्वादला ती शोधत फिरतात.

आत शिरण्याआधी खंदकापाशी थांबा. तो पाण्याचा नाही, कोरडाच, जांभ्यात खोल खणलेला. डच जहाजं मांडवीच्या मुखाशी घिरट्या घालू लागल्यावर पोर्तुगीजांनी १६०९ ते १६१२ या काळात हा किल्ला बांधला. पुढे डचांनी अनेकदा नदीचं तोंड अडवून धरलं, पण आत शिरता आलं नाही. १७३९ साली सावंतवाडीच्या भोसल्यांनी बारदेश, म्हणजे हा आसपासचा मुलूख व्यापला, तेव्हाही आग्वाद आणि सकाळी बघितलेला रेइश मागुश हे दोनच किल्ले पोर्तुगीजांच्या हाती टिकले. तटाची उंची बघून फसू नका. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्यांना तो बुटकाच वाटतो. तोफेच्या जमान्यातला किल्ला असाच असतो: ठेंगणा, जाड आणि उतरत्या भिंतींचा, गोळा लागला तरी भगदाड पडू नये म्हणून.

आत गेलात की समोर मोठं मोकळं अंगण आणि मधोमध उंचवटा. लोक त्यावरून चालत मनोऱ्याकडे जातात. किल्ल्याचं सर्वांत मोठं काम त्यांच्या पायांखाली असतं. त्या चौथऱ्याच्या पोटात पाण्याचं टाकं आहे, खांबांवर तोललेलं. २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी त्यात मावायचं असं सांगितलं जातं, म्हणजे जवळपास एक कोटी लिटर. लिस्बनहून महिनोन्‌महिने समुद्र कापून आलेल्या जहाजांना सोन्यापेक्षा गोडं पाणी मोलाचं. टेकाडाच्या पायथ्याशी झरा, वर हे टाकं, आणि पाण्याकाठच्या खालच्या किल्ल्याच्या आडोशाला सुरक्षित नांगरायची जागा. तोफा होत्या त्या हे सगळं राखायला. अंगणात उभं राहून हा हिशेब मनात जुळवा, मगच मनोऱ्याकडे वळा.

जुनं दीपगृह १८६४ सालचं. चार टप्प्यांचा, वर निमुळता होत गेलेला गोल पांढरा मनोरा. आजच्या दीपगृहांच्या मानाने बुटका आहे, पण टेकाडच उंच असल्याने मनोरा उंच बांधायची गरजच नव्हती. जहाजांसाठी दिव्याची उंची समुद्राच्या पातळीपासून मोजतात, जमिनीपासून नाही. सुरुवातीला यात तेलाचा दिवा होता. १९७६ साली शेजारचं नवं दीपगृह सुरू झालं आणि याचा दिवा कायमचा विझला. हा मनोरा बाहेरूनच बघायचा. फोटो काढायचा तर दारासमोरच्या गर्दीत न काढता पलीकडच्या बुरुजावर जाऊन मागे वळा. तिथून मनोरा, खंदक आणि समुद्र एका चौकटीत येतात.

या मनोऱ्याला जोडलेली एक घंटाही होती. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन या ख्रिस्ती धर्मसंघाच्या मठाची. १८३५ मध्ये गोव्यातले असे धर्मसंघ बंद केले गेले, मठ ओस पडला आणि त्याची प्रचंड घंटा काही वर्षांनी आग्वादला आणली गेली. १८७१ साली ती इथून पणजीच्या चर्चमध्ये गेली. त्या ओस पडलेल्या मठाचा आता एक अर्धा बुरूज तेवढा जुन्या गोव्यात उभा आहे.

बुरुजांवरून फिरताना कठड्यावर चढून बसू नका, पलीकडे सरळ खंदक आहे. लहान मुलांचा हात सोडू नका. टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर हवीच, आत पाण्याची खात्री धरू नये. ड्रोन हॉटेलवर ठेवा.

नवं दीपगृह

किल्ल्याच्या बाहेर जवळच सरकारी आवारात नवं दीपगृह आहे. ते दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाच्या ताब्यात असतं. लोकांना वर सोडण्याची वेळ दुपारनंतर थोडाच काळ असते. किल्ल्यात शिरण्याआधीच फाटकावरची वेळ वाचून घ्या आणि त्याप्रमाणे दोन्हींचा क्रम ठरवा. तिकीट किरकोळ, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे पडू शकतात. सुटे बरोबर ठेवा.

वर जायला गोल जिना असतो आणि दीपगृहात शेवटचा टप्पा बहुधा उभ्या शिडीचा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालीच बसावं, त्यात कमीपणा नाही. साडी किंवा सैल कपडे असतील तर शिडीवर सांभाळून. वर वारा चांगलाच असतो, टोपी खिशात घाला.

भिंगाच्या खोलीत गेलात तर काचेला हात लावू नका. एका मोठ्या भिंगाऐवजी काचेच्या कडांची एकात एक कड्यांसारखी मांडणी करून सगळा प्रकाश एका आडव्या झोतात आणायचा, ही युक्ती फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याची, १८२० च्या दशकातली. दिवा तसा मोठा नसतो, काम करतं ते भिंग. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला सवड असेल तर विचारा. हे लोक दिवसभर सेल्फी बघून कंटाळलेले असतात. दिव्याबद्दल कुणी खरंच काही विचारलं की खुलतात.

गॅलरीतून आता सकाळपासूनचा सगळा रस्ता दिसतो. दक्षिणेला मांडवीचं मुख, त्यापलीकडे राज्यपालांचा निवास असलेलं काबोचं टोक, आत मिरामारची वाळू आणि पणजी. उत्तरेला सिकेरीपासून कळंगुटकडे सरळ गेलेला किनारा.

सूर्यास्त आणि दिव्याची मोजणी

खाली सिकेरीच्या किनाऱ्यावर या. खालच्या किल्ल्याचा गोल बुरूज इथे थेट समुद्रात शिरला आहे. सूर्यास्त इथूनच बघा. पोहायचं असेल तर जीवरक्षक असेपर्यंत आणि ते सांगतील तिथेच. लाल बावटा लागलेल्या भागात गुडघाभर पाण्यातही जाऊ नका, भरती-ओहोटीची ओढ इथे फसवी आहे. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांबद्दल माझं मत विचाराल तर सकाळच्या वेळी एकवेळ ठीक, संध्याकाळी पैसे वाचवा.

अंधार पडला की लगेच निघू नका, दहा मिनिटं थांबा आणि दिव्याकडे बघत सेकंद मोजा. एका झोतापासून पुढच्या झोतापर्यंत किती, झोत एकेकटा येतो की जोडीने. प्रत्येक दीपगृहाची ही लय ठरलेली असते आणि शेजारच्या दीपगृहाशी जुळू नये अशी काळजी घेतलेली असते. नकाशात प्रत्येक दिव्याची लय छापलेली असते. अंधारात किनारा दिसत नसताना तांडेल किंवा जहाजाचा कप्तान ही लय मोजून आपण कुठे आहोत ते ओळखतो. आज उपग्रहावर चालणारी यंत्रं होडीहोडीत आहेत, तरी दिवा चालू ठेवतात, कारण यंत्र बंद पडू शकतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना घड्याळ द्या, हा खेळ त्यांना किल्ल्यापेक्षा जास्त आवडतो. सिकेरीला जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पणजीत, मिरामारच्या वाळूवर बसून मोजा.

पणजीत असताना शहराच्या मधल्या त्या पांढऱ्या, नागमोडी पायऱ्यांच्या चर्चकडेही मान वर करून बघा. दर्शनी भागाच्या वरच्या कमानीत लटकलेली घंटा तीच, ऑगस्टिनियन मठातून आग्वादला आणि आग्वादहून इथे आलेली. आठ डिसेंबरला या चर्चचं मोठं फेस्त असतं.

परतीचं मात्र संध्याकाळीच नक्की करून ठेवा. अंधारानंतर सिकेरीहून बस विरळ होतात आणि टॅक्सीवाले तोंडाला येईल तो दर सांगतात. सकाळी आणलेला पायलट असेल तर त्याचा नंबर घेऊन ठेवा. दुचाकी असेल तर नेरूलमार्गे या. वळणं आणि गुरं जास्त, पण कळंगुटच्या तिठ्यावरची कोंडी चुकते.